रियाजाचा अर्धा तास कोणाचा?

(मानकोली परिसरातील बचत गट आणि महिला भजनी मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहीजणींना हसू आले, ते मी पाहिले. मारहाण, रेशन, गोदामातली मजुरी हे सगळे सोडून ही ताई पेटीच्या रियाजावर काय बोलणार, असे वाटणे साहजिक आहे. पण मला हा विषय हलका वाटत नाही. मोठ्या वयात वाद्य शिकणाऱ्या बाईला रोज अर्धा तास लागतो. तो मिळवताना घरात जे काही होते, त्यात घरकामाची वाटणी, पैसा, मानपान, जागा हे आपले सगळे प्रश्न एकदम समोर येतात.

आधी पेटीच का, ते सांगते. आपल्याकडे बाईच्या गळ्याला मान आहे. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. वाद्याला हात लावायची वेळ आली की मात्र चित्र बदलते. महिला भजनी मंडळ म्हणायचे, पण पेटीवर बुवा आणि पखवाजावरही बुवाच. बुवांना सवड असेल तेव्हा सराव. ते दुसऱ्या गावी गेले की सराव बंद. शिवाय ते त्यांच्या गळ्याला सोयीची काळी एक धरतात. बहुतेक बायकांचा गळा काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. पुरुषाच्या पट्टीत गायला लागले की आपला आवाज खाली घुसमटतो, नाहीतर वर ताणला जातो. मग म्हणायचे, बायकांना सूर लागत नाही! सूर कोणत्या पट्टीतून धरायचा हे ज्याच्या हातात पेटी तो ठरवतो. म्हणून आमच्यातल्या चौघींनी ठरवले, पेटी शिकायची. पाचवी मी. तेव्हा मला चौतीस पूर्ण झाली होती आणि सा कुठे आहे हेही ठाऊक नव्हते.

वाद्य आपल्या सोयीचे आहे. युरोपातला मूळ हार्मोनियम खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारत वाजवायचा. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता बसवला आणि पेटी जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगी झाली. पियानो असो की पेटी, सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. पियानोला मोठी जागा आणि मोठा पैसा लागतो. पेटी कोपऱ्यात राहते, तिला वीज लागत नाही. आम्ही पाचजणींनी वर्गणी काढून एक जुनी पेटी घेतली, भाता दुरुस्त करून घेतला. रविवारी गुरुजी यायला लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "रविवारी मी फक्त रस्ता दाखवणार. चालायचे तुम्ही, रोज."

रोज! हा शब्द आला आणि आमचे खरे शिक्षण सुरू झाले. एकजण लगेच म्हणाली, "ताई, मी पेटीवर बसली तर भाकऱ्या कोन थापील?"

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला चोवीस तासांचे घड्याळ मांडायला शिकवतात. आम्ही ते ओटीवर मांडले. प्रत्येकीला वालाचे अठ्ठेचाळीस दाणे दिले. एक दाणा म्हणजे अर्धा तास. झोप, पाणी, स्वयंपाक, गोदामातले पॅकिंग, जाणे-येणे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे, असे ढीग करायला लावले. 'स्वतःसाठी' या ढिगात तिघींनी एकही दाणा ठेवला नाही. एकीने एक ठेवला, मग थोडा विचार करून तो उचलला आणि 'कपडे'मध्ये टाकला.

पण आणखी एक ढीग निघाला, जो आम्ही आखलाच नव्हता. वाट पाहण्याचा. नळाला पाणी येण्याची वाट, रिक्षा भरण्याची वाट, मालक पाळीवरून येऊन जेवण्याची वाट. हा वेळ रिकामा दिसतो. घरचे म्हणतात, "बसलेलीच तर असतेस!" पण तो तुकड्यातुकड्यांचा असतो आणि त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. नळ आला की उठायचे, हाक आली की उठायचे. अशा वेळात मटार सोलता येतात. अलंकार बसत नाही. बोटे जरा वळायला लागतात तोवर हाक येते.

हे फक्त मानकोलीचे नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही नऊ कमी झाली. म्हणजे आपल्या डोक्यावरचा भार जो थोडा उतरला, तो त्यांनी उचलला म्हणून नव्हे.

आता रियाजाच्या गोष्टी आठवा. अमुक उस्ताद आठ-आठ तास बसत, तमुक पंडित पहाटे चारपासून सूर लावत. ऐकून हात जोडावेत अशाच गोष्टी आहेत. पण एक प्रश्न मला नेहमी पडतो. त्या आठ तासांत चूल कोण पेटवत होते? त्यांच्या साधनेत घरातल्या बाईचेही तास आहेत, फक्त तिचे नाव नाही. आणि तोच सल्ला आपल्याला मिळतो, "पहाटे एक तास लवकर ऊठ." जी बाई आधीच पाण्यासाठी पाचला उठते आणि रात्री अकराला आडवी होते, तिला हे सांगणे म्हणजे तिची झोप काढून घेणे. झोप काढून घेऊन कला देणे मला मान्य नाही. शिकलेले हातात मुरते तेही झोपेतच.

मोठ्या कलावंत बायकांनाही हे चुकलेले नाही. क्लारा शुमान ही एकोणिसाव्या शतकातली जर्मनीतली नामांकित पियानोवादक. लहानपणापासून मैफली गाजवलेली. १८४० मध्ये तिचे लग्न संगीतकार रॉबर्ट शुमानशी झाले. तो रचना करत असला की घरात पियानोचा आवाज चालत नसे. १८४१ मध्ये तिने रोजनिशीत खंत लिहिली आहे की तिचे वादन मागे पडते आहे आणि दिवसातला तासभरही तिला मिळत नाही. पुढे तिला आठ मुले झाली. तरी ती वाजवत राहिली आणि नवऱ्याच्या निधनानंतर मैफलींच्या कमाईवर तिने घर चालवले. ज्या वादनाला घरात तास मिळत नव्हता, त्यानेच पुढे घर तारले.

आता थोडी धीर देणारी गोष्ट. इंग्लंडमध्ये टपाल खात्यातल्या माणसांना टंकलेखन यंत्रावर शिकवताना एक प्रयोग झाला. बॅडली आणि लाँगमन यांनी तो १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना दिवसाला एकच तास दिला, काहींना दोन-दोन तास दोनदा. पट्ट्या पाठ व्हायला एक तासवाल्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले आणि चार तासवाल्यांना सुमारे ५०. बोटांची विद्या थोडी थोडी, रोज दिली तर कमी तासांत येते. गंमत म्हणजे एक तासवालेच सर्वांत नाराज होते, कारण त्यांना दिवस जास्त लागत होते. आपलेही असेच होते. मन म्हणते काही होत नाही, बोटे मात्र शिकत असतात. म्हणून आठ तास मिळत नाहीत याचे दुःख नको. वीस-तीस मिनिटे पुरतात. पण ती सलग हवीत आणि आपली हवीत.

आम्ही ती कशी मिळवली, ते सांगते. पहिले, वेळ घड्याळाला बांधली नाही, कामाला बांधली. 'चार वाजता' म्हटले की चार वाजता कोणीतरी येतेच. 'दुपारची भांडी झाली की' म्हटले की घरालाही ते कळते. दुसरे, जिच्याकडे पेटी असेल तिने ती कपाटावर ठेवायची नाही. खाली उतरवण्यात आणि पुसण्यातच अर्धा उत्साह जातो. तिसरे, वीस मिनिटांत काय करायचे ते आधी ठरवलेले. पाच मिनिटे नुसता सा धरून भाता सारखा ठेवणे, दहा मिनिटे एकच अलंकार सावकाश, पाच मिनिटे भजनाची एकच ओळ. चौथे आणि सगळ्यांत अवघड, त्या वेळातले एक काम नाव घेऊन दुसऱ्याला द्यायचे. "जरा मदत करा" असे नाही म्हणायचे. "मी पेटीवर असेन तेव्हा बाळाला तुम्ही घ्यायचे," असे म्हणायचे.

यात घरच्यांचेही खरे प्रश्न असतात. आमच्यातल्या एकीचे मालक यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. खोली एकच. तिथे पेटी वाजवणे म्हणजे त्या माणसावर अन्याय. तिने भाता न उघडताच पट्ट्यांवर बोटे फिरवायचा सराव धरला. आवाज नाही, पण बोटे वळतात. आठवड्यातून दोनदा ती शेजारणीच्या ओटीवर वाजवते आणि बदल्यात शेजारणीची पोरे सांभाळते. दुसरीला परीक्षेचा उपयोग झाला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, मोठ्या वयाच्या बायकाही बसतात. "मला वाजवायचे आहे" म्हटल्यावर जे घर हलले नाही, ते "माझी परीक्षा आहे" म्हटल्यावर हलले. बाईचा आनंद कारण म्हणून चालत नाही, परीक्षा चालते. हे काही बरे नाही, पण दार उघडले.

पाचातल्या दोघी थांबल्या. एकीची गोदामातली पाळी बदलली, दुसरीच्या घरी सुनेचे बाळंतपण आले. गावात म्हणतात, "त्यांनी सोडले." मी तसे म्हणणार नाही. त्यांचा वेळ काढून घेतला गेला. त्यांची पाळी पुन्हा आली की पेटी त्यांच्याकडे जाईल, असे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. उरलेल्या तिघींपैकी एकजण आता मंडळात तीन भजने वाजवते, काळी चारमधून. त्या तीन भजनांत बायकांचे आवाज कसे लागतात, ते ऐकायला या.

प्रत्येक गटाला माझी एक विनंती आहे. बचतीच्या वहीत जसा पैशांचा रकाना असतो, तसा वेळेचा एक रकाना आखा. कोणी काय शिकते आहे, पेटी असो, सायकल असो, वाचन असो, ते लिहा. आणि त्यापुढे लिहा, तिच्या त्या अर्ध्या तासात घरातले कोणते काम कोणी उचलले. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करायच्या आधी तो रकाना मोठ्याने वाचूया. जिथे नाव कोरे असेल, तिथे आपण दोघी-तिघी मिळून त्या घरी चहाला जाऊ.