चार कुळांचे, शहाऐंशी आयरिश
(शेतकरी व मच्छीमार बांधवांपुढील भाषणाचा मजकूर)

मंडळी,

निवडणूक झाली की आपण विचारतो, कोण जिंकला आणि कोण पडला. कुळाच्या पदरात काय पडले, हे विचारायचे राहून जाते. म्हणून आज ब्रिटनमधील १८८५ सालच्या निवडणुकीचा हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगरात आणि बेटांवर क्रॉफ्टर नावाची कुळे राहत. जमिनीचा तुकडा जमीनदाराचा, पोट भरेना म्हणून जोडीला मासेमारी. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी गावेच्या गावे उठवली होती. १८८२ साली स्काय बेटावर कुळांनी खंड अडवला. पोलीस आले, तेव्हा बायकाही दगड घेऊन उभ्या राहिल्या.

१८८४ च्या कायद्याने खेड्यांतल्या घरकर्त्या पुरुषांना मत मिळाले, बायकांना नाही. मतदान १८७२ पासूनच गुप्त होते. पुढच्याच वर्षी या कुळांनी आपले चार उमेदवार पार्लमेंटात पाठवले.

आता बेरीज करा. जागा ६७०. ग्लॅडस्टनचे लिबरल ३३५. कुळांचे चौघे यांतच धरलेले. सॉल्झबरींचा हुजूर पक्ष २४९. पार्नेलचे आयरिश ८६. २४९ आणि ८६ किती? बरोबर ३३५! आयरिशांवाचून कोणाचेच सरकार टिकेना.

जानेवारी १८८६ मध्ये शेतमजुरांच्या जमिनीच्या प्रश्नावर हुजूर सरकार पडले. ग्लॅडस्टन आले आणि त्यांनी आयर्लंडच्या स्वराज्याचे बिल मांडले. त्यांचेच ९३ सभासद उलटले. ८ जूनला ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी बिल बुडाले. जुलैत पुन्हा निवडणूक : हुजूर ३१६ आणि त्यांच्या पाठीशी फुटीर लिबरल ७८. आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या होबर्नमधून लिबरलांतर्फे उभे होते, तेही पडले. पुढे १८९२ साली ते फिन्सबरीतून निवडून आले.

पण मंडळी, या धामधुमीत, २५ जूनला, क्रॉफ्टरांचा कायदा पास झाला होता. खंड भरणाऱ्या कुळाला हाकलता येणार नाही, वाजवी खंड सरकारी आयोग ठरवील, जमीन वारसाला मिळेल. ८६ जणांच्या हाती तराजू असून आयर्लंडला त्या वेळी स्वराज्य मिळाले नाही. चौघांच्या पाठीमागच्या कुळांना मात्र कायदा मिळाला. कारण ती कुळे निवडणुकीच्या आधीपासून एकजुटीने उभी होती. मताने त्या एकजुटीला पार्लमेंटात तोंड दिले, एवढेच.

कायदा अपुराच होता. मेंढ्यांखाली गेलेली जमीन परत आली नाही. ज्यांच्यापाशी तुकडाही नव्हता, त्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही.

म्हणून निकालाचे आकडे वाचाल, तेव्हा आणखी एक ओळ स्वतः लिहा : यात सर्वांत मागे कोण राहिला? त्याचे नाव सुटले, तर हिशोब चुकला म्हणून समजा.