खंजिरीवरचं बेचाळीस

चिमूरचं नाव निघालं, की आमच्या झाडीपट्टीतल्या म्हाताऱ्या माणसांची बोटं मांडीवर ताल धरतात. तो ताल खंजिरीचा आणि भजन तुकडोजी महाराजांचं, ‘झाड-झडूले’. झाडं, दगड हीच गरिबाची हत्यारं, असं सांगणारं हे भजन हिंदीत आहे. याचं नवल वाटायला नको. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता आणि बाजारहाटात हिंदी सर्रास चालत असे.

भजन असल्यामुळे ते गायला सभा लागत नव्हती, परवानगी लागत नव्हती. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. निरक्षर माणसालाही दोन फेऱ्यांत पाठ! आणि ज्या मुलखाचं नावच झाडी, तिथे त्यातली झाडं कुणाला उपमा वाटली नसणार.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरला मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. जमाव खवळला. त्या दिवशी सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. भजन सांगताना आपण हे हलक्या आवाजात सांगतो. मला ते बरं वाटत नाही. तीही माणसंच होती. महिनाअखेर महाराजांना चांद्यात अटक झाली. त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरात सोडलं.

पण १९ ऑगस्टला फौज आली, त्यानंतरचं काय? घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी ११ नोव्हेंबरपासून उपोषणाला बसले, ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत. त्यांच्या बातम्यांवर बंदी आली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारीला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी तरी ही तारीख लक्षात ठेवावी.

हा भाग भजनात नाही, असणारही नाही; भजन आधीचं. म्हणून तो गावाच्या पाठांतरातही उतरला नाही. माझ्या लहानपणी आमच्या मंडळात चिमूरकडून आलेल्या एक आजी होत्या. सगळी भजनं खड्या आवाजात म्हणायच्या, पण हे सुरू झालं, की टाळ खाली ठेवून चुलीकडे जायच्या. आम्हा पोरांना वाटायचं, चहा टाकायला जातात. पुढे बेचाळीसची हकीकत वाचली, तेव्हा आजी नव्हत्या. विचारायचं राहून गेलं.

१९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण हे भजन दोन्हीकडे एकाच चालीत चालतं. पोरं आता मोबाइलवर ऐकतात, खंजिरीमागे ढोलकी नि कीबोर्ड असतो. असू द्या.

येत्या नागपंचमीला आमच्या मंडळानं भजनाआधी भन्साळींच्या उपोषणाची हकीकत वाचायचं ठरवलं आहे. ती कुणी वाचायची, यावरून मात्र अजून वाद चालू आहे. मी एका बाईचं नाव सुचवलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)