पौलाची काळजी, पौलाचा आनंद

आपल्या ख्रिस्ती मंडळीत एक समज खोलवर रुजलेला आहे. ज्याचा विश्वास पक्का, त्याला काळजी शिवत नाही. आणि ज्याला रात्र रात्र झोप लागत नाही, त्याचा विश्वास कुठेतरी कमी पडतो. रविवारच्या उपासनेनंतर कुणी आपली अडचण बोलून दाखवली, की ‘प्रार्थना करा, प्रभूवर सोपवा’ एवढं सांगून आपण पुढच्या माणसाकडे वळतो. हेतू वाईट नसतो. पण ऐकणारा घरी जातो तो आधीची काळजी घेऊन, आणि वर काळजी वाटते याची लाज घेऊन. हा समज पवित्र शास्त्राला धरून नाही, असं मला आज सांगायचं आहे. देवावर भरवसा ठेवल्याने काळजीचं कारण नाहीसं होईलच असं नाही. कित्येकदा काळजीही उरते. तरीही तिच्या शेजारी आनंद नांदू शकतो, आणि तो खोटा नसतो.

यासाठी पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेलं पत्र हाती घ्यावं. चारच अध्यायांचं पत्र, पण आनंदाचा उल्लेख त्यात दहा-बारा वेळा तरी येतो. कशाचीही चिंता न करता सगळ्या मागण्या उपकारस्तुतीसह देवापुढे मांडाव्यात, हा प्रसिद्ध उपदेश याच पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. हे वचन आपण तसबिरीत घालून भिंतीवर लावतो. ते कुठे बसून लिहिलं, हे मात्र विसरतो. लिहिणारा कैदेत होता. ही कैद रोममधली, इफिसातली की कैसरियातली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, बेड्यांबद्दल नाहीत. निकाल मरणाचाही लागू शकतो, हे पहिल्याच अध्यायात तो मोकळेपणाने लिहितो. त्या काळी कैद्याच्या पोटापाण्याची सोय बहुतेक बाहेरच्या आप्तस्नेह्यांनाच पाहावी लागे. म्हणून फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली, आणि तोच आजारी पडून मरणाच्या दारातून परत आला. आता दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. एपफ्रदीत दगावला असता तर आपलं दुःख कसं दुणावलं असतं, हे पौल लपवत नाही. आपल्या मनावरचा भार हलका व्हावा म्हणून त्याला घाईने परत पाठवतो आहे, हेही सांगतो. चिंता सोडा म्हणणारा माणूस त्याच पत्रात स्वतःच्या जिवाची घालमेल लिहून ठेवतो! करिंथकरांना लिहितानाही फटके, जहाजफुटी आणि उपासमार सोसल्याचं सांगून झाल्यावर तो शेवटी सगळ्या मंडळ्यांविषयीची रोजची काळजी मांडतो. मग पौल स्वतःच्याच उपदेशाविरुद्ध वागला का? मला तसं वाटत नाही. काळजी मनात येऊच द्यायची नाही, असं त्याने सांगितलेलंच नाही. ती एकट्याने दाबून ठेवू नका, देवापुढे मांडा, एवढंच त्याचं सांगणं आहे. तेरावं स्तोत्र हेच करतं. सहाच ओव्यांचं ते स्तोत्र ‘देवा, आणखी किती काळ?’ अशा तक्रारीने सुरू होतं आणि गाण्यात संपतं. मधल्या ओव्यांत शत्रू हरल्याचा उल्लेख नाही. पालटतं ते एवढंच, की मनातल्या मनात घोळणारं दुःख देवाशी बोललं जातं.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा मनाला समजावण्याचा प्रकार आहे. देवावर टाकायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं. हा आक्षेप गंभीर आहे, कारण श्रद्धेच्या नावाने आळस पोसणारे लोक आपण पाहतो. पण मग केडगावकडे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे पाहा. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. उपासमारीने माणूस कसा जातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. तेव्हाच पुण्यात प्लेग पसरला होता. बोस्टनच्या एका संस्थेने १८८७ मध्ये त्यांच्या कामासाठी दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमीही सरत आली होती. हिशेब मांडत बसणाऱ्याने त्या मुलींना आणलंच नसतं. रमाबाईंनी मदतीसाठी प्रार्थना केली आणि विहिरीही खोदून घेतल्या. शेती, विणकाम, छापखाना उभा केला. उद्याचा भार देवाकडे दिल्यामुळे आजचं काम करायला त्यांचे हात मोकळे राहिले. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने आजच्या दिवसाला आजचं दुःख पुरे म्हटलं, त्याचा अर्थ मी असा घेतो: उद्याची भीती आज भोगत बसलं, तर समोर उपाशी उभं असलेलं मूल दिसत नाही. ते रमाबाईंच्या नजरेआड झालं नाही, आणि मुक्ती मिशनमधल्या आनंदाचं मूळ मला तिथेच दिसतं.

दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. काहींची चिंता हा आजार असतो: छाती धडधडते, श्वास कोंडतो, महिनोन्‌महिने अन्न गोड लागत नाही. अशा माणसाला ‘विश्वास वाढव’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. त्याला डॉक्टरांकडे न्यावं, औषध लागलं तर ते सुरू करावं आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. यांत विरोध कसला? पौलाबरोबर लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने उपाय सुचवला, तो थोडा द्राक्षारस घेण्याचा. शिवाय गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूचा जीव मरणप्राय कष्टी झाला होता. व्याकूळ होणं हे पाप असतं, तर शुभवर्तमानांनी तो प्रसंग असा नोंदवला नसता.

आणि प्रार्थना ऐकलीच गेली नाही तर? गेथशेमाने बागेत प्रभूने टळावा म्हणून विनवलेला दुःखाचा प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा काढण्याची तीनदा विनंती केली, पण काटा राहिला. मिळाली ती तो सोसण्यापुरती कृपा. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. विश्वासाला मोबदल्याचा करार मानणाऱ्याला या प्रसंगांचं उत्तर देता येणार नाही. मलाही या दुःखांचं कारण सांगता येत नाही. पण या माणसांना परिणामांपेक्षा देव स्वतः भरवशाचा वाटला, एवढं त्यांच्या जगण्यातून दिसतं. म्हणून परिणाम मनाविरुद्ध गेल्यावरही त्यांचा आनंद मुळासकट उपटला गेला नाही. रडू मात्र त्यांनाही आलं.

एक गोष्ट मात्र आपल्या मंडळ्यांनी आवर्जून लक्षात घ्यायला हवी. फिलिप्पैकरांच्या पत्रातला चिंता न करण्याचा तो उपदेश कुणा एकट्यादुकट्याला केलेला नाही. त्याच्या तीन-चार वचनं आधी पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नावं घेऊन विनंती करतो, की तुम्ही एकमनाच्या व्हा. आणि तिसऱ्या एका सोबत्याला सांगतो, की त्यांना मदत कर. भांडण मिटवायचं, आजाऱ्याला आनंदाने घरात घ्यायचं, कैद्याला शिधा पोहोचवायचा, आणि याच सगळ्यांनी मिळून आपली काळजी देवापुढे मांडायची, अशी ती मंडळी होती. तेव्हा या रविवारी कुणी आपली अडचण बोलून दाखवली, तर त्याच्याशेजारी बसा, त्याचं सगळं ऐकून घ्या, आणि मगच त्याच्याबरोबर प्रार्थना करा.