चिठ्ठीवर नाव नको



शहरातली मंडळी इथे कोलाडात येतात ती भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंग करायला. ते आपल्या ज्येष्ठांच्या मेळाव्याला झेपायचं नाही. पण आजचा विषयही कमी धाडसाचा नाही. डिमेन्शिया झालेल्या माणसाची जवळिकीची, शरीराची भूक. हे पत्रिकेवर छापावं का, यावर आमच्या स्वागत समितीत बरीच घासाघीस झाली. शेवटी छापलं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे असल्या विषयांवर उघड लिहिण्यापायी कोर्टाची पायरी चढले. आपल्यामागे फार तर कुजबुज होईल.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. अशा घरात काय होतं पाहा. नातवंडं झाली की आजोबांचं अंथरूण ओटीवर, आजीचं माजघरात, ही आपली रीत. मग आजारी म्हातारा रात्री बायकोला शोधत माजघरात आला, की सून अवघडते, मुलगा खेकसतो. त्याला कदाचित हात धरून निजायचं असतं, एवढंच. धोतर फेडलं म्हणजे वासनाच, असंही नव्हे. उकडतंय, खाज सुटलीय, लघवीला लागलीय, हे सांगायला शब्द उरलेला नसतो. कधी मेंदूचा पुढचा भाग झिजल्याने आवर खरोखरच सुटतो. तेव्हा डॉक्टरांना सांगायला हवं, आणि नेमकं तेच आपण दडवतो.

त्याहून अवघड पुढेच आहे. नवरा ओळखत नाही, पण जवळ ओढतो. दिवसभर त्याचं हगणं-मुतणं काढलेल्या बाईला ते नको असेल, तर नको. तिला कुणी पत्नीधर्म शिकवू नये. आणि आजारी बायको गप्प राहिली म्हणजे तिची संमती मिळाली, असं नवऱ्यानेही धरून चालू नये.

कधी ही भूक दुसऱ्याच कुणाकडे वळते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर पतीच्या याच आजारामुळे निवृत्त झाल्या. पुढे शुश्रूषागृहात पतीचा जीव दुसऱ्याच एका बाईवर जडला. ते आनंदात आहेत याचंच आईला समाधान वाटतं, असं त्यांच्या मुलाने २००७ मध्ये सांगितलं. एवढं मोठं मन माझ्यापाशी नाही, हे कबूल करून टाकतो.

दुपारी डॉक्टरांशी चर्चा आहे. दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्यात. प्रश्न लिहा, नाव लिहू नका. बायकांसाठी डबा वेगळा आहे. तो डॉक्टरीणबाईच उघडतील.