लोखंडी पुलाचे आयुष्य



नांदूरघाटच्या आणि आसपासच्या खेड्यांतील गुरुजींना आज एक सोपा प्रयोग सुचवितो. ज्वारीची चार चिपाडे घ्या, टोकांशी सुतळीने बांधून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर दाब द्या. चौकोन लगेच कलंडेल. आता तीनच चिपाडांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, एखादे चिपाड मोडेल, पण त्रिकोण कलंडणार नाही.

पत्र्याच्या छपराखाली जी लोखंडी कैची असते, ती याच तत्त्वावर उभी असते. मोठे पोलादी पूलही असेच, त्रिकोणाला त्रिकोण जोडून बांधतात. वरून गाडी गेली की काही दांड्या ताणल्या जातात, काही दाबल्या जातात आणि भार सांध्यासांध्यांतून खांबांपर्यंत पोचतो. म्हणजे पुलाचा जीव सांध्यात. आणि बरं का, पाणी मुरते तेही सांध्यातच. तेथेच धूळ बसते, पाखरांची घाण साचते आणि गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून तो फुगतो आणि जोडलेल्या पट्ट्या फाकवितो.

कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली रहदारीस खुला झाला. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद त्यात आहे. एवढ्या अजस्र पुलाला कशाने सतावले, तर पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी! दांड्यांच्या बुडाशी असलेल्या पोलादी आवरणांची जाडी सहा मिलिमीटरवरून तीनवर आली. शेवटी तेथे धुता येतील अशी फायबरची आवरणे बसवावी लागली.

आता आपल्या मुंबईकडे या. मशीद बंदराजवळ रेल्वेमार्गावर १८६८ साली बांधलेला कारनॅक पूल होता. तो थकला, हे वेळीच ओळखले गेले. २०१४ मध्ये त्यावरून अवजड वाहने बंद केली. २०१८ मध्ये तो असुरक्षित ठरला. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सत्तावीस तासांसाठी गाड्या थांबवून तो उतरवला. त्याच्या जागी सत्तर मीटर लांबीच्या पोलादी तुळयांचा नवा ‘सिंदूर’ पूल १० जुलै २०२५ रोजी सुरू झाला. दीडशे वर्षांचा तो म्हातारा कोणाच्या अंगावर न कोसळता निरोप घेऊन गेला.

पण त्याच्या महिनाभर आधी, १५ जून २०२५ रोजी, पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट खाली आला. चार जीव गेले, कितीतरी जखमी झाले. त्याचे वय अवघे तीसेक वर्षांचे. तो गंजला होता, धोक्याचा फलकही लागला होता. तरी रविवारची गर्दी आणि दुचाक्या त्यावर चढल्याच.

दीडशे वर्षांचा पूल सुखरूप उतरतो आणि तिशीतला कोसळतो, यातून काय घ्यायचे? पुलाचे आयुष्य वर्षांवर मोजू नये. त्याच्याकडे कोणी, केव्हा पाहिले आणि पाहिल्यावर काय केले, यावर ते मोजावे.

हे पाहणे सगळेच इंजिनिअरचे काम नाही. रंगाचे पोपडे सुटले, रिव्हेटखाली तांबूस ओघळ दिसला, पाणी जाण्याची भोके बुजली, गाडी जाताना नवाच खडखडाट ऐकू आला, तर ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवावे. अर्जाची पोच घ्यावी. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या लोखंडी पाट्यांनाही हाच न्याय लागू आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, गुरुजींनी मुलांना घेऊन काठावरूनच पाहणी करावी, वहीत तारीख घालून टिपण ठेवावे.

आणि धोक्याचा फलक दिसला, तर मंडळी, दोन कोसांचा वळसा पडला तरी घ्या. वळशाने उशीर होईल, पण माणूस घरी पोचेल.