पैशावाचून चालणारा समाज

पैसा नाहीसा झाला तर माणसाच्या बहुतेक विवंचना मिटतील, ही कल्पना फार जुनी आहे. परंतु पैसा केवळ लोभच वाढवतो असे नाही. कोणी किती घ्यावे आणि नकोसे वाटणारे काम कोणी करावे, या दोन्ही गोष्टी व्यवहारात बहुधा पैशानेच ठरतात. नाणे काढून टाकल्यावर हा निवाडा कोणी करायचा? तीन ग्रंथकारांनी कल्पित समाज रचताना या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

सर टॉमस मोर यांचा 'यूटोपिया' हा लॅटिन ग्रंथ १५१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बेटावर ५४ नगरे आहेत. कुटुंबप्रमुख बाजारात जातो आणि मोबदला न देता लागेल ते घेऊन येतो. ऐतखाऊ लोक जवळजवळ नसल्याने दररोज सहा तासांचे काम पुरते. सोन्याचा मोह राहू नये म्हणून त्याची शौचपात्रे आणि गुलामांच्या बेड्या घडवतात. पण गुलाम आहेतच! जनावरे कापण्यासारखी कामे त्यांच्या वाट्याला येतात; आणि परवान्यावाचून आपल्या प्रदेशाबाहेर हिंडणारा नागरिक दुसऱ्यांदा सापडला, तर तोही गुलाम होतो.

अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी यांनी १८८८ साली 'लुकिंग बॅकवर्ड' या कादंबरीत २००० सालचे बॉस्टन रंगवले. तेथे प्रत्येकाच्या नावावर राष्ट्राच्या उत्पन्नाचा सारखाच वाटा जमा होतो आणि जाड कागदाच्या पत्रिकेवर तो खर्ची पडतो. वयाच्या २१ व्या वर्षापासून ४५ व्या वर्षापर्यंत सर्वांनी राष्ट्राची चाकरी करायची. काम जितके कष्टाचे, तितके त्याचे तास कमी, ही युक्ती निःसंशय न्याय्य आहे. तथापि अंगात बळ असून जो काम नाकारील, त्याला एकांतवास आणि भाकरी-पाण्यावर ठेवण्याची शिक्षा आहे.

ही शिस्त विल्यम मॉरिस यांना मानवली नाही. त्यांच्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या १८९० सालच्या कथेत पाहुणा नावाड्याला नाणी देऊ लागतो, तेव्हा त्या नावाड्याला त्यांचा अर्थच उमगत नाही. तेथे लोक काम करतात ते त्यात गोडी वाटते म्हणून. कंटाळवाणे तेवढे यंत्रांवर सोपवलेले असते. गवतकापणीच्या दिवसांत काही मंडळी आपल्या हातचे घर बांधणे सोडून यायला तयार होत नाहीत. शेजारी त्यांची थट्टा करतात, आणि प्रकरण तेथेच संपते.

महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी बलुत्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांना नाण्यांऐवजी सुगीचे धान्य मिळे. लांबून ही व्यवस्था जिव्हाळ्याची दिसते. परंतु तेथे काम जन्माने ठरलेले होते, आणि महार वतनदाराला अपुऱ्या मोबदल्यात वेळी-अवेळी राबावे लागे. म्हणूनच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, हा त्यातील एक आग्रह होता. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती, त्याच्या दृष्टीने रोख पैसा हे बंधन नव्हते. ती सुटकेची वाट होती.

तात्पर्य, पैशाविना समाजाचे चित्र कोणी पुढे ठेवले, तर तेथील भरलेली कोठारे पाहूनच समाधान मानू नये. एखाद्याने सांगितलेले काम करण्यास नकार दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याला जेवण मिळते की नाही, हेही विचारावे. मोर आणि बेलामी यांच्या नगरांत त्या माणसाची धडगत नाही. मॉरिस यांच्या गावात लोक त्याला हसतात, पण पंगतीला बसवतात. पैसा जावो वा राहो, समाजाची खरी पारख या पंगतीवरून होईल.