वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

(भंडारा जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा म्हटले की धान आणि तलाव, असेच सगळे धरून चालतात. पण आज या मांडवात कोरडवाहू कापूस आणि ज्वारी घेणारे बसले आहेत. काही पवनीकडचे, काही शेजारच्या भिवापूर-उमरेडकडचे. भावावर आणि कर्जावर आपण नेहमीच बोलतो. आज हिवाळ्याच्या हवेवर बोलू. पऱ्हाटीला बोंडे फुटलेली असतात, ज्वारीची कणसे खळ्यावर असतात, नेमका तेव्हा पाऊस येतो. पावसाळ्यात डोळे लावून बसलो तरी न आलेला पाऊस हिवाळ्यात दोन तासांत घात करून जातो. आपण कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, नशीब!

आमचे म्हणणे असे की, हे नशीब नाही. याच्यामागे हिशेब आहे. जास्त दाब आणि कमी दाब यांचा हिशेब.

हवेला वजन असते. त्या वजनाचा जमिनीवर पडणारा भार म्हणजे हवेचा दाब. हिवाळ्यात वायव्य भारतातली जमीन गार पडते, तिच्यावरची हवा थंड आणि जड होते. तेथे दाब 1019 मिलिबारच्या आसपास असतो. दक्षिणेच्या टोकाला तो 1013 च्या आसपास. फरक जेमतेम सहा मिलिबारचा, पण आपल्या हिवाळ्याचा गाडा त्याच्यावर चालतो.

जास्त दाबात हवा वरून खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. ढग धरत नाही. ढग नाही म्हणजे रात्री जमिनीच्या अंगावर गोधडी नाही. दिवसाची ऊब आभाळात निघून जाते आणि पहाटे हुडहुडी भरते. कमी दाबात सगळे उलटे. चहूकडची हवा आत ओढली जाते, वर चढते, वर गार होते, वाफेचे पाणी होते. ढग आणि पाऊस.

मग हा कमी दाब आपल्याकडे येतो कुठून? त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट बंगालच्या उपसागराची, ऑक्टोबर ते डिसेंबर. 2023 मध्ये 5 डिसेंबरला 'मिचाँग' चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागले. वादळ तिकडे, पाऊस पूर्व विदर्भातही.

दुसरी वाट पश्चिमेची. भूमध्य समुद्राकडून निघालेले कमी दाबाचे पट्टे इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांचा पाऊस पंजाबात, बर्फ हिमाचलात. आपल्या वाट्याला बहुतेक वेळा नुसते ढग. पण त्याच वेळी ओडिशाकडे, उपसागराच्या अंगाला जास्त दाब ठाण मांडून बसला, तर त्याच्याभोवती फिरणारा वारा समुद्राची ओल विदर्भात आणतो. खाली उबदार ओली हवा, वर पश्चिमेची थंड कोरडी हवा. दोघींची गाठ आपल्या डोक्यावर पडते आणि गारा होतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि 2018 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने हेच भोगले. म्हणून जास्त दाब म्हणजे कोरडी हवा एवढेच पाठ करून भागत नाही. तो बसला आहे कुठे, ते पाहावे लागते.

विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचा वारा सुटतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला, तो अशाच उत्तरेच्या वाऱ्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, हा नकाशा आम्ही पाहायचा कुठे? आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली, दाबाच्या रेषा काढून परीक्षा पास झालो. पण चुलीच्या धुराकडे पाहायला कोणी शिकवले नाही. ते गावाने शिकवले.

दुपारी मोकळ्या रानात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताला कमी दाब, उजव्या हाताला जास्त दाब. वारा उत्तरेचा असेल तर जास्त दाब पश्चिमेला आहे. संध्याकाळी चुलीचा धूर वर न चढता गावावर आडवा पसरतो, पहाट कडक. हवा कोरडी राहणार. वारा ईशान्येचा, आभाळ खाली आलेले आणि महिना नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल, तर कमी दाब आग्नेयेला, म्हणजे समुद्राकडे आहे. आणि वारा आग्नेयेकडे फिरला, थंडी एकाएकी पळाली, पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग आले, तर एक-दोन दिवसांत पाऊस धरून चाला. एका दिवसाच्या वाऱ्यावर जाऊ नका, दोन-तीन दिवस पाहा. रेडिओवरचा अंदाजही ऐका. चूक आपलीही होईल, त्यांचीही होईल. पण दोन्ही जुळले तर हात हलवा.

हात हलवा म्हणजे काय? फुटलेला कापूस आधी वेचून घ्या. दव सुकल्याशिवाय वेचू नका. भिजलेला आणि कवडी कापूस चांगल्यात मिसळू नका, वेगळा ठेवा. ज्वारीची कणसे झाका, नाहीतर दाण्याला बुरशी चढून ज्वारी काळी पडते. ढगाळ हवेत तुरीवर, हरभऱ्यावर अळीचा जोर होतो हे खरे, पण पावसाच्या तोंडावर फवारू नका. औषध धुऊन जाते, पैसा मातीत जातो.

आता सरकारला दोन शब्द. देशभर कृषी विज्ञान केंद्रांत 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली होती. 2024 मध्ये ती बंद केली. जिल्ह्याची हवा जिल्ह्यात बसून सांगणारा माणूस काढून घेतला. 2025 च्या खरिपापासून राज्याच्या पीकविम्यातून स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान वगळले आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर ठेवली. हा प्रयोग क्विंटल मोजतो. भिजलेल्या कापसाचे वजन फारसे घटत नाही, घटतो त्याचा पांढरेपणा. काळी पडलेली ज्वारी काट्यावर तेवढीच भरते, भाव मात्र पडतो. कापूस महामंडळ 8 टक्के ओलावा धरून भाव देते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेत नाही. म्हणजे बाजार रंग आणि ओल पाहतो, विमा फक्त वजन पाहतो. या दोघांच्या मधल्या फटीत आपण पडतो.

म्हणून आपल्या मागण्या दोन. तालुक्याचा अंदाज, वाऱ्याची दिशा आणि दाबाची जागा यांसह, मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागला पाहिजे. आणि मालाची प्रत बिघडली, तर ते नुकसान म्हणून धरले पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत थांबायचे नाही. प्रत्येक गावात एकाने वही घालावी. शाळेतल्या पोरीने घातली तरी चालेल. सकाळची थंडी, दुपारचा वारा, संध्याकाळचा धूर, आभाळ आणि पाऊस. रोज एक ओळ. पाऊस आला त्याच्या आदल्या दोन दिवसांत वारा कुठून होता, हे आपल्याच अक्षरात आपल्याजवळ राहील. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या. नुकसान मागायला साहेबापुढे उभे राहू, तेव्हा हातात नशीब नको, वही हवी.